पेट्रोल गाडीचा गिअरबॉक्स डिझेल गाडीस जोडताना

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जेथे फुटतो, त्या कसालच्या आसपास आंबा, काजू, खत, चिरे अशा मालाची ने-आण करण्यास जुनी डिझेल गाडी बाळगणारे शेतकरी बंधू आहेत. अशा गाडीचा गिअरबॉक्स निकामी झाला व नवा मिळेनासा झाला, म्हणजे मोडीत निघालेल्या पेट्रोल गाडीचा बॉक्स स्वस्तात आणून जोडावा, असे साहजिकच मनात येते. हा विचार सर्वस्वी त्याज्य नाही. परंतु बोल्ट बसले म्हणजे बॉक्स बसला, ही समजूत मात्र घातक आहे. म्हणून ह्या कामी काय तपासावे, ते येथे क्रमाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

पूर्वपीठिका

महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये आपल्या देशात जीपची जोडणी सुरू केली, तेव्हा ती गाडी पेट्रोलवर चालणारी होती. पुढे ह्याच समूहाच्या सहभागाने इंटरनॅशनल बी-२७५ हा डिझेल ट्रॅक्टर येथे तयार होऊ लागला, आणि त्या घराण्याचे डिझेल एंजिन कालांतराने जीपमध्येही आले. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, तेव्हा जुन्या पेट्रोल गाड्यांत डिझेल एंजिन बसवून घेण्याकडे लोकांचा ओढा वाढला. तात्पर्य, पेट्रोलचा बॉक्स व डिझेलचे एंजिन ह्यांचा संसार आपल्याकडे नवा नाही; तो नीट मांडला तर टिकतो, एवढेच.

दोन एंजिनांतील भेद

पेट्रोल एंजिनात हवा व इंधन ह्यांचे मिश्रण साधारणतः सहा ते दहा पट दाबले जाते. डिझेलमध्ये नुसती हवा पंधरा ते बावीस पट दाबली जाते. त्यामुळे डिझेलच्या प्रत्येक स्फोटाचा हिसका तीव्र असतो. दोन्ही एंजिनांचा पीळ, म्हणजे फिरविण्याचा जोर, कागदावर सारखा दिसला तरी डिझेलमागील दात व बेअरिंगे अधिक धक्के सोसतात. ह्यास्तव बॉक्सची क्षमता डिझेलच्या पिळाहून बरीच अधिक असावी, आणि क्लच प्लेट मध्यभागी स्प्रिंगा असलेलीच घ्यावी. क्लच व फ्लायव्हील डिझेल एंजिनाचे ठेवावे; प्लेटच्या मधल्या खाचा मात्र बॉक्सच्या शाफ्टशी संख्येने व व्यासाने तंतोतंत जुळाव्यात.

मापे

एंजिन व बॉक्स ह्यांच्या बोल्टांची छिद्रे बहुधा जुळत नाहीत. म्हणून मध्ये पोलादी पट्टी घालावी लागते. ही पट्टी २० मिलिमीटर जाड असेल तर बॉक्स तितकाच मागे सरकतो, आणि त्यापासून चार कामे उद्भवतात.

१. बॉक्सच्या शाफ्टचे टोक क्रँकच्या मागील बुशात पुरेसे शिरते की नाही, ते पाहावे. न शिरल्यास लेथवर लांब बुश करून घ्यावा. उलट टोक तळाशी टेकता कामा नये.

२. क्लच दाबणाऱ्या बेअरिंगचे व दांड्याचे अंतर पुन्हा जुळवावे.

३. बॉक्सचा मागील आधार सरकवावा. बॉक्स लोंबकळत राहिल्यास पट्टीवर ताण येतो.

४. प्रोपेलर शाफ्ट आखूड करून त्याचा तोल पुन्हा साधून घ्यावा.

ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मध्य जुळविणे. क्रँकवर डायल गेज बांधून, बॉक्स ज्या गोल भोकात बसतो त्याच्या कडेवरून एक पूर्ण फेरी द्यावी. काट्याचा एकूण फरक ०.२५ मिलिमीटरच्या आत असावा, ०.१३ च्या आत आला तर उत्तम. मध्य साधल्यावर पट्टीत डावल पिना ठोकाव्यात, कारण बोल्ट धरून ठेवतो, मध्य राखीत नाही. बॉक्स शेवटचे दोन सूत बोल्टाने ओढून आणावा लागत असेल, तर तेथेच थांबावे. आत काहीतरी अडते आहे असे समजावे.

दातांचे प्रमाण

जुन्या पेट्रोल जीपच्या तीन गिअरांच्या बॉक्सचे प्रमाण पहिल्यात २.७९८, दुसऱ्यात १.५५१ व तिसऱ्यात १ असे असे. मागील क्राउन-पिनियनचे ५.३८. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरल्यास, मिनिटास ४००० फेरे घेणाऱ्या पेट्रोल एंजिनावर ही गाडी ताशी सुमारे १०० किलोमीटर जाईल. तोच बॉक्स २२०० फेऱ्यांवर थांबणाऱ्या संथ डिझेलमागे लावल्यास वेग सुमारे ५५ किलोमीटर भरतो. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना पेट्रोलचे फेरे ४००० वरून २२०० च्या सुमारास उतरतात, तर डिझेलचे २२०० वरून १२०० च्या सुमारास. भरल्या गाडीस चढावर हे जड जाते. म्हणून चार किंवा पाच गिअरांचा बॉक्स मिळत असल्यास तो श्रेयस्कर.

घाटातील कसोटी

खरी परीक्षा चढावर नसून उतारावर होते. कोल्हापूरहून खत भरून फोंडा घाटाने कणकवलीकडे उतरणारी गाडी घ्या. वरील हिशेबाने तिचा पहिला गिअर ताशी २० किलोमीटरला संपतो व दुसरा ३५ ला. मधली पायरीच नाही. शिवाय पेट्रोल एंजिनाची झडप मिटली की ते गाडीस जेवढे आवरते, तेवढे साधे डिझेल आवरीत नाही. गव्हर्नर इंधन तोडील, पण चाकांनी एंजिनास भलत्या वेगाने फिरविणे त्याच्या हाती नाही. अशा वेळी मध्य चुकलेल्या जोडणीत झिजलेला शाफ्ट गिअर सोडून देतो, आणि सारा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापून ढिले पडले, की वळणावर माल, गाडी व माणसे तिन्ही धोक्यात. वाचविलेले पैसे त्यापुढे काहीच नव्हेत.

म्हणून जोडणीनंतर प्रथम रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालवावी. उतारावर पाय काढला असता गिअर सुटतो काय, क्लच थरथरतो काय, बॉक्स घरघरतो काय, हे पाहावे. ह्यांपैकी एक जरी खूण आढळली तरी बॉक्स उतरवून मध्य पुन्हा तपासल्याशिवाय भार घालू नये.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपुस्तकातील तपशील मूळ बनावटीहून निराळा होईल असा बदल मालकास आपल्या मनाने करता येत नाही. एंजिन किंवा इंधन बदलावयाचे असेल, तर जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात आधी विचारावे; केवळ बॉक्स बदलतानाही विमा कंपनीस लेखी कळविणे हिताचे.

सारांश, आधी मापे घ्यावीत, मग हिशेब करावा, आणि बॉक्स त्यानंतर विकत घ्यावा. आमच्या शेतकरी बंधूंनी हा क्रम उलटा करू नये, एवढीच विनंती.