पेंग्विनसाठी आलेले अश्रू

वाचनासाठी: ईयोब ३८:४१ ते ३९:१८ आणि ३९:२६-३०, मत्तय ६:२५-३४, लूक १३:३४



२००५ साली 'मार्च ऑफ द पेंग्विन्स' हा माहितीपट जगभर गाजला. त्याचे दिग्दर्शक ल्यूक जाके हे फ्रान्सचे. अंटार्क्टिका खंडावरील आडेली लँड या भागात, एका फ्रेंच संशोधन केंद्राच्या परिसरात, वर्षाहून अधिक काळ राहून त्यांच्या पथकाने हे चित्रीकरण केले. २००६ साली त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यात ना नायक, ना नायिका. आहेत ते केवळ रानटी पक्षी. तरीही तो पाहताना असंख्य लोकांचे डोळे भरून आले. आजही मुलांबरोबर घरी बसून तो पाहणाऱ्यांचा अनुभव वेगळा नसतो.

पक्षी पाहून माणसाला रडू का येते? त्या अश्रूंतून आपण काय शिकावे आणि काय शिकू नये? ह्या आठवड्याच्या पाठात आपण ह्याचा विचार करू या.

१. पडद्यावर काय दिसते?

एम्परर पेंग्विन हा पेंग्विनांमधील सर्वांत मोठा पक्षी. उंची एक मीटरहून अधिक. बहुतेक पक्षी उन्हाळ्यात अंडी घालतात. हा मात्र अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात घालतो. मार्च-एप्रिलमध्ये हे पक्षी समुद्र सोडून बर्फावरून रांगेने चालत आपल्या वसाहतीच्या जागी येतात. मे-जूनमध्ये मादी एकच अंडे घालते. तिच्या अंगातले त्राण संपलेले असते. ती ते अंडे नराच्या पायांवर सोपवते आणि खाण्याच्या शोधात परत समुद्राकडे निघते. अदलाबदल करताना अंडे बर्फावर घसरले आणि थोडा वेळ तिथेच राहिले, तर आतला जीव गोठून मरतो.

मग सुमारे पासष्ट दिवस बाप ते अंडे पायांवर घेऊन, पोटाच्या घडीखाली झाकून उभा असतो. समुद्र सोडल्यापासून मादी परत येईपर्यंत त्याला जवळजवळ चार महिन्यांचा उपास घडतो. वजन खूपच घटते. थंडी शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरते, हिमवादळे येतात. शेकडो बाप एकमेकांना बिलगून उभे राहतात. छोट्या छोट्या पावलांनी तो घोळका सतत सरकत असतो, त्यामुळे कोणी कायम कडेला राहत नाही आणि कोणी कायम मध्येही राहत नाही. आई परतण्यापूर्वी पिल्लू बाहेर आले, तर चार महिने उपाशी असलेला बाप आपल्या अन्ननलिकेत तयार होणारा दुधासारखा पदार्थ त्याला भरवतो.

आई येते तेव्हा हजारोंच्या गर्दीत ती आणि तिचा जोडीदार एकमेकांना आवाजावरून ओळखतात. काही आया येत नाहीत, कारण त्या सीलच्या तोंडी गेलेल्या असतात. मग एक दिवस बापाला पिल्लू सोडून समुद्राकडे जावेच लागते. काहींचे पिल्लू थंडीने मरते. असे पिल्लू गमावलेली एक मादी दुसरीचे पिल्लू पळवू पाहते, हे दृश्य ज्यांनी पाहिले ते सहसा विसरत नाहीत.

२. चित्र एकच, आवाज दोन

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मूळ फ्रेंच चित्रपटात पेंग्विन स्वतः बोलतात. आई, बाप आणि पिल्लू यांना माणसांचे आवाज दिलेले आहेत. अमेरिकेत दाखवलेल्या आवृत्तीत मात्र मॉर्गन फ्रीमन ह्या नटाचे निवेदन आहे, आणि संगीतही वेगळे आहे. पक्षी तेच, बर्फ तेच. कोणी 'मी' म्हणून बोलतो, तर कोणी 'ते' म्हणून सांगतो. निवेदक ही प्रेमकथा आहे असे सांगतो आणि आपण ती प्रेमकथा म्हणून पाहतो.

म्हणजे आपल्याला जे वाटते, त्यातले काही पक्ष्यांकडून आलेले असते, काही निवेदनातून आणि संगीतातून, आणि बरेचसे आपल्याच काळजातून. ज्या घरी आई नर्स म्हणून परदेशी आहे आणि बाप मुलांना सांभाळतो आहे, त्या घरी ते उपाशी उभे राहणे वेगळे दिसेल. ज्या आईने आपले लेकरू मातीआड केले आहे, ती त्या पिल्लू पळवणाऱ्या मादीला नावे ठेवणार नाही. शास्त्रज्ञ त्या वागण्याचा संबंध शरीरातील एका रसायनाशी जोडतात. पिल्लू गेले तरी त्या पक्ष्याच्या रक्तात ते रसायन टिकून राहते. हे खरे आहे. पण ते दृश्य पाहून आपल्याला स्वतःचे दुःख आठवले, हेही तितकेच खरे आहे. अश्रू खोटे नव्हते. ते मात्र पक्ष्याविषयी जितके सांगतात, त्याहून अधिक आपल्याविषयी सांगतात.

३. लोकांनी त्यातून काय घेतले?

हा चित्रपट अमेरिकेत आला तेव्हा तेथील काही ख्रिस्ती मंडळींनी त्याचे मोठे स्वागत केले. एकनिष्ठ विवाह, त्याग आणि मुलांचे संगोपन यांचा हा धडा आहे, असे काही भाष्यकारांनी लिहिले. काही मंडळ्या गटागटाने तो पाहायला गेल्या. दुसऱ्या बाजूने काहींनी विचारले: पेंग्विनांना एवढे हाल सोसावे लागतात, मग ह्यामागे बुद्धिमान निर्माता आहे असे कसे म्हणावे? दिग्दर्शक जाके यांना आपल्या चित्रपटाचा असा वापर पटला नाही आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले.

आता वस्तुस्थिती पाहा. एम्परर पेंग्विनची जोडी त्या एका हंगामापुरती एकनिष्ठ असते. पुढच्या वर्षी बहुतेक पक्षी नवा जोडीदार घेतात. शंभरांतील सुमारे पंधराच जुन्या जोडीदाराकडे परततात. त्यांना घरटे नसते, भेटण्याची ठरावीक जागा नसते आणि थांबायला वेळही नसतो. त्यांच्या परिस्थितीत ते योग्यच आहे. पण 'पेंग्विनकडून विवाहनिष्ठा शिका' असे म्हणणाऱ्याची फजिती होते. आपल्या विवाहसंस्काराचा पाया पेंग्विनवर घातलेला नाही. तो ख्रिस्ताने आपल्या ख्रिस्तसभेवर केलेल्या प्रेमावर आहे.

आणखी एक धोका आहे. असे उदाहरण दुसऱ्याला मारायची छडी होऊ शकते. "पाखरांना कळते, तुला कळत नाही?" हे वाक्य आपण सहज बोलतो. नवऱ्याने टाकलेल्या बाईला, मूलबाळ नसलेल्या जोडप्याला, एकटीने संसार ओढणाऱ्या आईला ते कसे लागत असेल? चित्रपट पाहून पाझरलेले मन शेजारणीला घायाळ करत असेल, तर त्या पाझरण्याचा काय उपयोग?

४. बायबल पक्ष्यांकडे कसे पाहते?

आजची वाचने शांतपणे वाचा. ईयोबाच्या पुस्तकात परमेश्वर दुःखाने पिचलेल्या ईयोबाला रानातले प्राणी व पक्षी दाखवतो. त्यांत शहामृग आहे. ते आपली अंडी जमिनीवर टाकून जाते, पिल्लांशी निष्ठुरपणे वागते. गरुड आहे, त्याची पिल्ले रक्त पितात. म्हणजे येथे आदर्श माता-पित्यांची निवडक यादी नाही. जे आपल्याला गोड वाटत नाही, तेही परमेश्वर अभिमानाने दाखवतो आहे. ईयोबाला त्याच्या 'का?'चे उत्तर त्यातून मिळत नाही. पण त्याच्या दुःखापेक्षा विशाल असे देवाचे जग त्याच्यापुढे उघडते.

प्रभू येशू आकाशातील पाखरांकडे पाहायला सांगतो. लूकच्या शुभवर्तमानात (१२:२४) तो कावळ्याचे नाव घेतो. कावळा तर नियमशास्त्रानुसार अशुद्ध पक्षी! पाखरे सद्गुणी आहेत असे येशू म्हणत नाही. पिता त्यांना विसरत नाही, एवढेच तो सांगतो. आणि यरुशलेमसाठी त्याचे मन तुटते, तेव्हा पिल्लांना पंखांखाली घेणारी अंगणातली कोंबडी त्याला आठवते. पक्षी पाहून हृदय हलणे ही प्रभूलाही परकी गोष्ट नव्हती.

५. पेलिकनची गोष्ट

अनेक जुन्या चर्चमध्ये वेदीवर किंवा पवित्र मंजुषेच्या दारावर पेलिकन पक्षी कोरलेला असतो. तो स्वतःची छाती चोचीने फोडून पिल्लांना रक्त पाजतो, अशी प्राचीन समजूत होती. संत थॉमस अक्वायनस यांच्या नावे असलेल्या एका स्तोत्रात येशूलाच पेलिकन म्हटले आहे. प्रत्यक्षात पेलिकन असे काही करत नाही. तो चोच छातीकडे वळवून आपल्या पिशवीतले मासे पिल्लांना देतो.

मग वेदीवरचे ते चित्र पुसायचे का? नाही. कारण ख्रिस्ताने रक्त सांडले, हे पेलिकनमुळे सिद्ध झालेले नाही. आपण ख्रिस्ताला ओळखतो, म्हणून पक्ष्यात त्याची आठवण पाहतो. पेंग्विनचेही तसेच. तो पुरावा नाही, आठवण आहे. बर्फात उभ्या असलेल्या त्या बापाकडे पाहून आपल्या वडिलांनी उपसलेले कष्ट आठवले, तर देवाचे आभार माना. फक्त त्या पक्ष्यावर आपला धर्म लादू नका.

६. अश्रूंचे पुढे काय?

संत अगस्तीन तरुणपणी कार्थेज नगरीत नाटकांचे वेडे होते. पुढे आपल्या 'कन्फेशन्स' ह्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात त्यांनी एक कळीचा प्रश्न विचारला: रंगमंचावरचे दुःख पाहून माणसाला रडावेसे का वाटते? तेथे प्रेक्षकाला कोणाच्या मदतीला धावायचे नसते, फक्त हळहळायचे असते. त्या हळहळण्यातच त्याला सुख मिळते. ही खरी दया नव्हे, असे त्यांचे म्हणणे.

पेंग्विनच्या बाबतीत तर आता हळहळून भागणार नाही. २०२२ साली अंटार्क्टिकाच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रातील पाचपैकी चार वसाहतींत समुद्रावरचा बर्फ वेळेआधीच फुटला. पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसे फुटायची होती. त्या वसाहतींतून एकही पिल्लू वाचले नसावे, असे उपग्रहचित्रांवरून शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये कळवले. जो बर्फ त्या बापाच्या पायाखाली होता, तोच आता भरवशाचा राहिलेला नाही. पृथ्वी तापण्याला माणूस जबाबदार आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रात बजावले आहे की, आपल्यामुळे नष्ट होणारे जीव आपल्या अस्तित्वाने देवाला गौरव देऊ शकणार नाहीत, आणि असे करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

लघुसमूहात चर्चेसाठी

१. पशुपक्ष्यांवरील एखादा माहितीपट पाहताना तुमचे डोळे कधी भरून आले? त्या वेळी तुम्हाला कोणाची आठवण झाली?
२. 'पाखरांना कळते' असे म्हणून आपण कोणाला दुखावले आहे का?
३. पेंग्विनांच्या घोळक्यात कोणी कायम कडेला राहत नाही. आपल्या धर्मग्रामात कायम थंडीत, कडेला कोण उभे आहे?

ह्या आठवड्याचा संकल्प

कडेला उभ्या असलेल्या एका व्यक्तीच्या किंवा कुटुंबाच्या घरी जाऊन यावे. उपदेश करू नये, ऐकून घ्यावे. आणि घरातील विजेचा व इंधनाचा एक तरी अपव्यय थांबवावा.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, बर्फातल्या पिल्लाची आणि अंगणातल्या चिमणीची तुला सारखीच काळजी. आमच्या डोळ्यांत पाणी येते त्याबद्दल तुझे आभार. ते पाणी आमच्या हातापायांपर्यंत उतरू दे. ज्यांचे कोणी परत आले नाही, त्यांना तुझ्या पंखांखाली घे. आमेन.