सुई तिच्याच हातात दे

काल पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात आलीस, पायरीवर टेकलीस आणि म्हणालीस, "ताई, आईला आता काडी उचलू देत नाही मी." तुझे डोळे भरून आले होते, म्हणून गप्प राहिले. आज बोलते.

मावशीचं दुखणं बरं होणारं नाही, हे तुला कळलंय आणि तिनंही ओळखलंय. पण अगं, जिनं दर आखाजीला खापरावर मांडे टाकून घरदार जेवू घातलं, तिचे हात तू रिकामे करून ठेवलेस.

माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या चार महिन्यांत मीही तेच केलं. एका दुपारी त्यांनीच जुनी लुगडी मागितली. गोधडी शिवायची म्हणाल्या. आधी टाके तांदळाएवढे पडायचे, पुढे बोटभर लांब आणि वाकडे पडू लागले. एका रात्री त्या झोपल्यावर मी चार ओळी उसवल्या आणि नीट धावदोरा घातला. सकाळी त्यांनी त्या ओळींवरून अंगठा फिरवला. दोनदा. बोलल्या काहीच नाहीत. सुई कापडात खोचली आणि गोधडी पायथ्याशी सरकवली. आठ दिवस शिवली नाही. शेवटी त्यांच्यासमोर बसून मी माझे टाके उसवले. तेव्हा म्हणाल्या, "हे हिरवं तुझ्या सासऱ्यांच्या बोनसचं." त्या दिवशी त्या तासभर बोलल्या.

हे काही माझंच डोकं नाही. एड्रियन हिल नावाचा इंग्रज चित्रकार क्षयानं सॅनेटोरियममध्ये पडून होता. अंथरुणावर चित्रं काढता काढता त्याला सावरल्यासारखं झालं, मग त्यानं शेजारच्या रोग्यांच्या हातीही रंग दिले. 'आर्ट थेरपी' हा शब्द त्यानंच 1942 मध्ये रूढ केला. आणि आपल्या बहिणाबाईंना गाणं सुचायचं ते जात्यावर, शेतात, हात कामात असतानाच ना!

पण आधी वेदना. दुखत असताना कुणाला सुई धरवते? डॉक्टरांना स्पष्ट विचार, मॉर्फिनच्या नावानं दचकू नकोस. नीट मापात दिलं तर ते माणसाला गुंगवून टाकण्यासाठी नसतं, दुखणं आवरण्यासाठी असतं. मुंबईत वांद्र्याला 1986 पासून शांती आवेदना सदन आहे, भारतातलं पहिलं हॉस्पिस. तिथं कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांचं दुखणं हलकं करणं हेच काम चालतं. आपल्याला घरातच तेवढं जमवायचंय.

गोळी लागू पडली की मगच बस तिच्याजवळ. केमोनं बोटं बधिर होतात, म्हणून मोठ्या नेढ्याच्या आठ-दहा सुया आधीच ओवून ठेव. दहा मिनिटांत थकली तर थकू दे. "छान झालंय हं" असं लहान मुलीशी बोलल्यासारखं बोलू नकोस. हे कापड कुठलं, कधीचं, ते विचार. शिवायचं नसेल तर गौराईची गाणी म्हणू दे. शब्द चुकले तरी मध्ये तोंड घालू नकोस. ती रडली तर विषय बदलू नकोस, हे तुला सगळ्यात जड जाईल.

उद्या डाळिंबाचा रस नेशीलच. त्याबरोबर तिची लोखंडी पेटी उघड, सुती साड्या पलंगावर पसर, आणि यातली कुठली फाडायची ते तिलाच ठरवू दे.