दहावी आली म्हणून पेटी माळ्यावर टाकू नका

एप्रिल उजाडला की माझ्याकडे सल्ला मागणाऱ्या पालकांचे फोन सुरू होतात आणि अकरावीचे प्रवेश संपेपर्यंत थांबत नाहीत. प्रश्न ठरलेला असतो: "गाणं दोन वर्षं बंद ठेवलं तर चालेल ना?" गाण्याच्या जागी कधी तबला असतो, कधी खो-खो, कधी पोहणं. लेखनाबद्दल कुणी विचारतसुद्धा नाही. वहीत गोष्टी लिहीत बसलेलं मूल काही शिकतं आहे, असं आपल्या घरांत कुणी धरतच नाही. ती वही न विचारताच बंद होते.

माझं उत्तरही ठरलेलं आहे. चालणार नाही.

आठवीत 'फाउंडेशन', अकरावीला 'इंटिग्रेटेड', म्हणजे नाव कॉलेजात आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, ही आता घराघरांतली रीत झाली आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांहून जास्त शिकवू नये, आठवड्याची सुट्टी द्यावी, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. तरी आठवीतल्या मुलांच्या बॅचेस भरतात, कारण आपण त्या भरतो. आणि फी भरून आल्यावर "आता रियाजाला वेळ कुठून आणायचा?" असं विचारतो. तो वेळ आपणच क्लासच्या स्वाधीन करून आलेलो असतो. ज्या मुलाला गणित आणि भौतिकशास्त्र मनापासून आवडतं, त्याने जेईई जरूर द्यावी. माझा विरोध परीक्षेला नाही. तेरा वर्षांच्या मुलाचं बाकी सगळं आयुष्य त्या परीक्षेसाठी बंद करायला आहे.

'दोन वर्षं बंद' म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्या. मुलाचा आवाज साधारण बारा ते पंधरा या वयात फुटतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. काल काळी चारमध्ये गाणारा मुलगा उद्या तो षड्जच लावू शकत नाही. चांगले गुरू या काळात गाणं थांबवत नाहीत. ते पट्टी उतरवतात, तार सप्तकाचा आग्रह सोडतात, खालच्या स्वरांवर हळूहळू काम करून घेतात, बरंच काही नुसतं ऐकवतात आणि ताल पक्का करून घेतात. नवा आवाज घडतो तो याच दिवसांत, आणि आपण मुलाला घरी बसवतो तेही याच दिवसांत. ती दोन वर्षं लांबत जातात; अकरावी-बारावी संपवून तो परत जातो तेव्हा आवाज वेगळा असतो, ओळखीचा नसतो, आणि सोबत शिकणारे पुढे गेलेले असतात. बहुतेक मुलं महिनाभर जातात आणि सोडून देतात. मग घरात म्हणतात, "त्याला मुळात आवड नव्हतीच."

खेळाचं गणित याहून कठोर आहे. शालेय क्रीडा स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत होतात. नववीत मैदान सोडलेलं मूल सतराचा गट हातचा घालवतं आणि एकोणीसच्या गटात तयारीशिवाय उतरतं. काही पालक याच्या उलट टोकाला जातात: शाळा सोडा, फक्त खेळ. त्यांना मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेची वर्षं मोजायला सांगते. तो २००९ मध्ये राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि नेमबाजीतलं ऑलिंपिक कांस्य मिळालं ते पॅरिसला, २०२४ मध्ये. मधल्या काळात त्याने रेल्वेत नोकरी धरली. पंधरा वर्षं धीर धरण्याची घराची तयारी नसेल, तर दोन वर्षांत पदक मागू नका.

माझ्याकडे आठवीत आलेल्या एका मुलीबद्दल सविस्तर सांगते. गाव कराडजवळचं, वडील साखर कारखान्यात. ती गाण्याच्या मध्यमा प्रथमपर्यंत पोहोचलेली, शाळेच्या खो-खो संघात, आणि वह्यांमागून वह्या भरणारी. क्लासवाल्यांनी सांगितलं होतं, तिन्ही बंद करा. वडील म्हणाले, "तिन्हींपैकी एक ठेवू, कुठलं ते तुम्ही सांगा." मी एकही निवडलं नाही. आम्ही प्रत्येकाचा आकार कमी केला. गाण्याच्या परीक्षा पुढे ढकलल्या, पहाटेचा अर्ध्या-पाऊण तासाचा रियाज मात्र ठेवला. खो-खो रोजऐवजी आठवड्यातून तीन संध्याकाळी. दहावीच्या वर्षी तालुक्यापुढच्या स्पर्धा नाहीत. आणि लेखनाला पहिल्यांदाच काम दिलं: संघाच्या प्रत्येक सामन्याचा वृत्तान्त तिने लिहायचा, कुणी कसा सूर मारला, कुणाचा खो लवकर गेला, कोण किती मिनिटं टिकलं, सगळं. गावातल्या साप्ताहिकाने त्यातले काही छापले.

पुढे काय झालं, तेही जसं झालं तसं सांगते. ती राज्य पातळीवर कधी खेळली नाही. विशारद झाली तेव्हा तिच्या बाईंनीच सांगितलं की मैफलीचा गळा नाही, शिकवण्याचा आहे. ती चार दिवस रडली. बारावीनंतर तिने भाषा घेतली. आज ती मालिका आणि चित्रपटांच्या मराठी डबिंगसाठी संवाद लिहिते. पडद्यावरच्या ओठांच्या हालचालीत शब्द बसवायचा, वाक्य श्वासाच्या जागी तोडायचं, मात्रा मोजायच्या, ही कामं तिला जमतात कारण ती सात वर्षं तालात गायली आहे. हिवाळ्यात ती खो-खोच्या सामन्यांचं समालोचनही करते, कारण पाटीवरचा खेळाडू केव्हा उठणार हे तिला बसण्यावरून कळतं. आठवीत यातलं कुठलं काम मी तिला सुचवू शकले असते? एकही नाही. यातली कामं त्या वयात दिसत नाहीत. तिन्ही गोष्टी जिवंत राहिल्या म्हणून ही कामं पुढे सापडली.

आपल्याकडे अशी माणसं नवीन नाहीत. द्वारकानाथ संझगिरी मुंबई महापालिकेत अभियंता होते. मराठी वाचकाला क्रिकेट त्यांनी वाचायला लावलं आणि हिंदी चित्रपटसंगीतावरचे त्यांचे कार्यक्रम लोकांनी गर्दी करून ऐकले. प्रभा अत्रे यांच्याकडे विज्ञान आणि कायदा या दोन्हींच्या पदव्या होत्या. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी जैवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केली. यांच्या घरी कुणी "एकच काय ते ठरव" असा तगादा लावला असता तर?

एका दबावाबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. दहावीला कला आणि खेळ यांचे वाढीव गुण मिळतात. सरकारचा हेतू चांगला आहे. पण आता नववीतल्या मुलाला एकाच वर्षी चित्रकलेची ग्रेड परीक्षा, गाण्याची परीक्षा आणि जिल्हास्तरीय स्पर्धा, असं सगळीकडे पळवलं जातं. गुण मिळाले की पेटी बंद. आई-बाबा, हे मुलाला कळतं. आपलं गाणं आई-बाबांना कधी ऐकायचंच नव्हतं, त्याची टक्केवारी हवी होती, हे त्याला चौदाव्या वर्षी नेमकं कळतं. त्यानंतर ते घरात गुणगुणणंही सोडतं. अशी मुलं माझ्यासमोर बसतात आणि "तुला काय आवडतं?" या प्रश्नावर आईकडे बघतात.

ओळखीच्या वाटा थोडक्यात सांगते. संगीतात पदवी हवी तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे. अठरा ते पंचवीस वयाच्या कलाकारांना केंद्र सरकारची दरमहा पाच हजार रुपयांची शिष्यवृत्ती दोन वर्षं मिळते. खेळाडूला प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्रांची पडताळणी वेळेत करून ठेवा. आणि आयआयटीशिवाय दुसरं काही न दिसणाऱ्या घरांसाठी: मद्रासच्या आयआयटीने २०२४ पासून खेळातल्या आणि २०२५ पासून कलेतल्या प्रावीण्यासाठी काही जागा वेगळ्या ठेवल्या आहेत. जेईई अॅडव्हान्स्ड त्यासाठीही पार करावी लागते.

लेखनाची वाट मात्र कुणी दाखवत नाही, म्हणून ती मी दाखवते. 'लेखक होऊन पोट भरतं का?' हा प्रश्न कादंबरीकाराबद्दल असतो. लिहिता येणाऱ्या माणसाची कामं त्याहून कितीतरी जास्त आहेत. विधिमंडळात सभागृहातला शब्दन्शब्द टिपणारे मराठी प्रतिवेदक लागतात. राज्याच्या भाषा संचालनालयात आणि न्यायालयांत अनुवादक लागतात. पाठ्यपुस्तकं, ऑडिओबुक, उपशीर्षकं, औषधांची माहितीपत्रकं, बँकांचे अर्ज, सगळ्याला नेमकं मराठी लिहिणारा माणूस हवा असतो. इंग्रजी आणि मराठी दोन्ही खरोखर उत्तम येणारी मुलं आज फार थोडी उरली आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्याच आठवड्यात आपल्या मुलाच्या गोष्टींची वही रद्दीत गेली नाही ना, हे बघायला हवं होतं.

या जूनमध्ये क्लासची फी भरण्याआधी दोन माणसांना प्रत्यक्ष भेटा: मुलाच्या गाण्याच्या गुरूंना आणि मैदानावरच्या सरांना. तुमचं मूल तिथे कसं असतं, एवढंच विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. लिहिणारं मूल असेल तर त्याची वही त्याच्याकडे मागा. त्याने दिली तर वाचा, दिली नाही तर राहू द्या. फी भरायची मुदत आठवडाभराने वाढवून मिळते. मी अनेकांना मिळवून दिली आहे.