सुप्त क्षयसंसर्ग

समजा, बंगळूर शहराच्या दक्षिणेस असलेल्या बनशंकरी या उपनगरातील एका गृहस्थास फुप्फुसाचा क्षय झाला आहे. त्याच्या थुंकीत क्षयजंतू सापडले व औषध सुरू झाले. घरी पत्नी, वृद्ध आई आणि तीन वर्षांचा मुलगा आहे. कोणास खोकला नाही, ताप नाही. मग आरोग्यकेंद्रातील डॉक्टर त्या तिघांनाही तपासणीस का बोलावतात?

जंतू शरीरात शिरला म्हणजे रोग झालाच, असे नाही. शरीरातील रक्षक पेशी त्याला वेढा घालून बसतात. तो मरत नाही, परंतु त्याची वाढ थोपविली जाते. या अवस्थेस सुप्त संसर्ग म्हणतात. असा मनुष्य दुसऱ्यास रोग देत नाही. संसर्ग झालेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच पुढे केव्हातरी क्षय होतो. मात्र त्यांतील सुमारे निम्म्यांना तो पहिल्या दोन वर्षांतच गाठतो. लहान मुलांना धोका अधिक. बंगळूरमध्येच १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिच्या पथकांनी १९६१ ते १९६८ या काळात बंगळूर जिल्ह्यातील खेड्यांतून त्याच लोकांची पुनःपुन्हा तपासणी केली, ती संसर्ग व रोग यांचा हा प्रवास समजून घेण्यासाठीच.

संसर्ग ओळखण्यासाठी हाताच्या त्वचेत ट्यूबरक्युलिन टोचतात व ४८ ते ७२ तासांनी तेथे आलेला घट्ट फुगवटा मोजतात. लाली मोजावयाची नसते. ही चूक पुष्कळदा होते. परंतु जंतू निद्रिस्त आहे की जागा झाला आहे, हे या चाचणीवरून कळत नाही. म्हणून खोकला, ताप, रात्रीचा घाम व घटते वजन यांची विचारपूस करावी लागते. छातीचे क्ष-किरण चित्रही शक्यतो काढतात. येथे घाई घातक ठरते. रोग्याच्या शरीरातील असंख्य जंतूंपैकी थोडे आयसोनियाझिड या औषधास मुळातच दाद देत नाहीत. ते एकच औषध दिले, तर बाकीचे मरतात आणि या थोड्यांना रान मोकळे मिळते.

रोग नाही अशी खात्री झाल्यावर प्रतिबंधक उपचार देतात : आयसोनियाझिड रोज, सहा महिने; किंवा, मोठ्या माणसांस, त्याच्या जोडीला रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे बारा वेळा. पाच वर्षांखालील मुलासाठी ट्यूबरक्युलिन चाचणीची वाट पाहत नाहीत. कावीळ, मळमळ किंवा हातापायांस मुंग्या आल्यास लगेच दाखवावे. रिफापेंटिनने लघवी तांबूस होते, त्याची भीती नको.

खरी अडचण पुढेच आहे. आजाऱ्यास औषधाचा गुण जाणवतो. निरोगी मनुष्यास काहीच जाणवत नाही. दुसऱ्या महिन्यात आजी म्हणते, "मला काय धाड भरली आहे?" आणि गोळ्या फडताळात पडून राहतात. आरोग्यसेविकेने घरी जाऊन गोळ्या मोजणे हे माझ्या मते चाचणीइतकेच महत्त्वाचे काम होय. त्याच फेरीत तिने मुलाचे वजनही करावे, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते, आणि वजन वाढेनासे झाले, तर ते रोगाचे पहिले चिन्ह असू शकते.