चकाकता बार, वाकडा शाफ्ट

भोसरीत शेड घेऊन वर्षही झालं नव्हतं. चाळीस शाफ्टचं काम आलं: ३० मिलिमीटर जाडी, दोन फूट लांबी, ईएन ८, एका अंगाला लांबलचक की-वे. ब्लॅक बार आणून लेथवर घासत बसण्यापेक्षा ब्राइट बारच घेऊ, असा मी हिशेब केला. माप तयार, अंग गुळगुळीत, टर्निंगचे पैसे वाचले! चाळीसही तुकडे एका दमात मिलिंगला लावले.

व्हाइसमध्ये सगळे सरळ. व्हाइस सोडला की खाचेची बाजू फुगून वर. व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल लावला, तर काटा अर्धा मिलिमीटर हलत होता. मी ऑपरेटरवर तडकलो. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. प्रेसवर दाबून सरळ केले, पाठवले. दहा-बारा परत आले.

मी घेतला तसला ब्राइट बार थंड असतानाच डायमधून ओढतात. त्यानं पोलादाची ताकद वाढते, माप नेमकं येतं. पण साल आणि गाभा सारखे ओढले जात नाहीत. साल ताणलेली राहते, गाभा दाबलेला. ही ओढाताण चहूबाजूंनी सारखी असते तोवर बार सरळ. मी एका बाजूची ताणलेली साल चार मिलिमीटर खोल खरवडून काढली होती.

म्हणून दुकानात आधी विचारा: बार ओढलेला आहे की सोललेला? चकाकतात दोन्ही. सोललेल्या, म्हणजे पीलिंगच्या बारला असा ताण नसतो, शिवाय सालीबरोबर वरच्या बारीक चिराही निघून जातात. ओढलेल्यात त्या तशाच राहतात. ओढलेलाच घ्यावा लागला, तर जरा जाड घ्या, की-वेआधी ५००-६०० अंशांना स्ट्रेस रिलीव्हिंग करा (थोडी ताकद जाईल, जाऊ दे) आणि शेवटी ग्राइंडिंग. बेअरिंग बसवायची असेल तरी जाडच हवा. एच ९ टॉलरन्सचा ३० चा बार ५२ मायक्रॉनपर्यंत बारीक असू शकतो, बेअरिंग त्यावर सैल फिरेल. पिना, बुश, षटकोनी बारचे नट यांना मात्र ओढलेल्यासारखा माल नाही, तिथं उगाच घाबरू नका.

आता नव्या लॉटचा एकच तुकडा कापतो, खाच पाडतो, रात्रभर ठेवतो आणि सकाळी डायल लावतो. तोवर बाकीचे बार रॅकवरच.