उजेड बघून मुक्काम कर

अगं, पहिलंच बाहेरचं शूट, तेही लग्नाआधीच्या जोडप्याचं आणि भंडारदऱ्याला तंबूत राहून, हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. तुझा कॅमेरा चांगला आहे, लेन्सही चांगल्या आहेत, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. मुक्कामाबद्दल मात्र आत्याचं ऐक. तंबूत राहून करायचं शूट बरंचसं आदल्या दुपारीच ठरतं, तंबू कुठे टाकलास यावर.

तंबू फ्रेमच्या बाहेर हवा आणि फ्रेमची जागा तंबूपासून दहा मिनिटांच्या चालीवर हवी. पहाटेचा मऊ, तिरपा उजेड मिळतो तो अर्धा-पाऊण तास. त्याआधी दोघांना उठवायचं, चहा द्यायचा, कपडे-केस करायचे आणि अंधारात दगडधोंड्यांतून चालवत न्यायचं. वाट लांब असेल तर उजेड वाटेतच संपतो आणि मुलीच्या चेहऱ्यावर घाम येतो तो वेगळाच. म्हणून पोचलीस की आधी सामान न उतरवता काठाने फिर, उद्याच्या दोन-तीन जागा नक्की कर आणि मगच त्यांच्या मागच्या बाजूला, थोड्या उंचवट्यावर तंबू टाक. फार सुंदर जागेवर तंबू टाकलास तर ती जागा फोटोतून बाद झाली, हे लक्षात ठेव.

दिशा नीट बघ. मावळतीची दिशा वर्षभर एक नसते, हे आपण शाळेत शिकतो आणि कॅमेरा हातात आला की विसरतो. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य ठीक पश्चिमेपासून साधारण २५ अंश उत्तरेला मावळतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. दोन टोकांत ५० अंशांचा फरक. मेमध्ये काढलेला पाण्यावरच्या सूर्याचा फोटो बघून तू डिसेंबरात त्याच काठावर गेलीस, तर सूर्य भलत्याच डोंगरावर असेल. दुसऱ्याचा फोटो आवडला की जागेच्या आधी महिना विचार. सूर्याची वाट दाखवणारी अ‍ॅप जरूर वापर, पण त्यांची सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजाची असते. उंच डोंगरापाशी ऊन त्याच्या कितीतरी आधी जातं. म्हणून आदल्या संध्याकाळी घड्याळ घेऊन बस आणि ऊन कधी गेलं ते लिहून ठेव.

भंडारदऱ्याचं पाणी म्हणजे प्रवरेवरच्या विल्सन धरणाचा जलाशय. धरण १९२६ साली पुरं झालं. शेंडी गाव धरणापाशी, रतनवाडी पार वरच्या टोकाला. शेंडीच्या बाजूने पाहिलंस तर पाणी पुढे आणि रतनगडाकडचे डोंगर मागे, म्हणून ती संध्याकाळची बाजू. रतनवाडीकडून उलटं बघायचं, ती सकाळची. एकाच रात्रीचा मुक्काम असेल तर दोन्हीच्या मागे धावू नकोस, एक निवड. मी असते तर सकाळ निवडली असती, कारण पहाटे वारा पडलेला असतो, पाणी स्थिर असतं आणि काठावर गर्दी नसते. धरणाच्या भिंतीवर आणि आसपास कॅमेरा काढायला मनाई असते, तिथे वाद घालू नकोस. भोवतालचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा पैसे घेऊन करायच्या शूटची परवानगी वनखात्याकडे आधी विचार. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराचं कोरीवकाम फार देखणं आहे. पण देऊळ जुनं आणि पूजेतलं आहे, म्हणून तिथेही आधी विचारायचं आणि चपला काढून जायचं.

महिन्याचं म्हणशील तर ऑक्टोबर-नोव्हेंबरला तोड नाही. पावसाने हवा धुतलेली असते, जलाशय भरलेला, गवत हिरव्यातून सोनेरी होत असतं. फेब्रुवारीपासून धूळ आणि वणव्यांचा धूर हवेत साठतो, दूरचे डोंगर फिके पडतात. एकामागे एक डोंगरांच्या रांगा दाखवायच्या असतील तर तो फिकेपणाही कामाचा. मेपर्यंत पाणी खूप मागे हटतं आणि गाळाचा पट्टा उघडा पडतो. दुरून तो टणक दिसतो, प्रत्यक्षात पाय रुततो आणि लेहंग्याचा घेर वाया जातो. शिवाय मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. अशा दुपारी डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात, ते सगळे तास झोपेसाठी ठेव. भर पावसात तंबू नको. गावात कुणाच्या पडवीत उतर, तिथला उजेड पावसाळ्यात अप्रतिम असतो.

काजव्यांबद्दल मला खरोखर पोटतिडकीने सांगायचं आहे. मेच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत या भागातली झाडं काजव्यांनी लखलखतात आणि हल्ली जोडपी त्या झाडाखाली उभं राहून फोटो मागतात. काजव्याची चमक ही नर-मादीने एकमेकांना शोधायची खूण असते. टॉर्च, फ्लॅश, गाडीचे दिवे पडले की ती खूण हरवते, आणि प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. तेवढ्यातच त्यांची पुढची पिढी ठरते. असलं काम कितीही पैसे देत असले तरी घेऊ नकोस.

त्यापेक्षा ताऱ्यांखालचा फोटो दे. मार्च ते मे, अमावास्येच्या आसपास, आकाशगंगेचा दाट भाग आग्नेयेकडून वर येतो. मार्चमध्ये त्यासाठी पहाटे उठावं लागतं, मेमध्ये रात्री अकराच्या सुमाराला तो दिसायला लागतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं. २४ मिमीला साधारण २० सेकंद. त्याहून जास्त वेळ ठेवलास तर तारे रेघा होतात. जोडप्याला एकमेकांना टेकवून बसव, उभी माणसं वीस सेकंद हलल्याशिवाय राहत नाहीत. त्यांच्यावर मंद दिवा अगदी क्षणभर टाकायचा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून सगळ्यांनी हेडटॉर्च लाल उजेडावर ठेवायचे.

दुसऱ्या जागांचं थोडक्यात सांगते. पवनेच्या काठी सोय चांगली, पण शनिवार-रविवारी गाणी आणि दिवे इतके असतात की रात्रीचं काम विसर, मधल्या वारी जा. कोकणात किनाऱ्यावर उतरलीस तर वाळूवरच्या सुक्या कचऱ्याच्या रेषेच्या बरंच वर तंबू टाक. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी असते. हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याचा हट्ट कुणी धरला तर सरळ नाही म्हण. पाचनईची वाट सोपी म्हणतात, तरी चांगली चढण आहे आणि कड्यावर दरीतून वर येणारा वारा ओढणी, रिफ्लेक्टर, हलका तंबू सगळं उचलतो. भरजरी कपड्यातल्या मुलीला त्या कडेला उभं करण्याइतका कोणताच फोटो मोठा नाही.

तंबू दोन थरांचा हवा. वरचं फ्लायशीट ३००० मिमीचं असलं की वळीव आला तरी निभतं. सह्याद्रीत मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ, खुंटा दोन बोटं जाऊन वाकतो. म्हणून आपल्या दांड्यांवर उभा राहणारा घुमटाकार तंबू घे आणि ताणाच्या दोऱ्या जड दगडांना बांध. दोघी असाल तर तिघांचा तंबू घे, कारण कॅमेऱ्याच्या बॅगेला माणसाइतकी जागा लागते. थंडीतही जाळीची खिडकी थोडी उघडी ठेव, नाहीतर श्वासाची वाफ कापडावर जमून पहाटे टपकते. तंबू फोटोत घ्यायचाच असेल तर पिवळा किंवा नारिंगी घे, आत अगदी मंद पिवळसर दिवा ठेव. हिरवा तंबू गवतात दिसतच नाही.

कपडे बदलायला वेगळा, उभं राहता येईल असा तंबू ने. हे बहुतेक जण विसरतात आणि मग मुलीला गाडीत वाकून नऊवारी नेसावी लागते. त्यात सतरंजी, टांगायचा आरसा, सेफ्टी पिना, सुईदोरा ठेव. एक गोष्ट नीट ऐक. आत दिवा लावला की पातळ कापडावर बाहेरून स्पष्ट सावली दिसते. म्हणून तंबूला आतून जाड चादर लाव आणि बाहेर तू किंवा तुझी मदतनीस उभी राहा. शौचाची सोय कुठे आहे हेही आगाऊ रक्कम घेण्याआधी विचारून ठेव. मुली संकोचाने पाणी पीत नाहीत आणि दुपारपर्यंत गळून जातात.

ट्रायपॉडचा मधला दांडा वाऱ्यात वर काढू नकोस, पाय फाकव आणि खालच्या हुकाला बॅग अडकव. रिफ्लेक्टर धरायला माणूसच ने, स्टँडवर तो शिडासारखा उडतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरू शकतो आणि लिथियम बॅटऱ्या थंडीत लवकर दम टाकतात, म्हणून रात्री त्या स्लीपिंग बॅगेत जवळ घेऊन झोप. २०,००० एमएएचची पॉवर बँक मोठ्या मिररलेस कॅमेऱ्याची बॅटरी तीनेक वेळा भरते. गार झालेला कॅमेरा उबदार गाडीत तसाच आणलास तर आतबाहेर पाणी जमतं. बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि गाडीत पिशवीतच हळूहळू उबेला येऊ द्यायचा. रात्रीच्या लांब एक्स्पोजरला लेन्सवर दव बसतं, त्यासाठी हात शेकायचं पाकीट रबराने लेन्सच्या खाली बांध. घरी आल्यावर सगळं सामान सिलिका जेलच्या घट्ट डब्यात गेलं पाहिजे, आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

कड्याकपारीत आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ आणि धूर यांनी माश्या चवताळतात, म्हणून जोडप्याला सुगंध लावू नका असं निघतानाच सांग आणि कुणाला रंगीत धुराच्या कांड्या आणू देऊ नकोस. दुपारी ढग भरून आले, गडगडलं, की धातूचा ट्रायपॉड घेऊन उघड्या माळावर क्षणभरही थांबायचं नाही, गाडीत बसायचं. बूट तंबूत घे आणि सकाळी झटकून घाल.

जेवण गावातल्या घरात सांग. रात्री पिठलं-भाकरी आणि पहाटे साडेचारला चहा मिळेल का, हे आदल्या दिवशी बोलून ठेव आणि पैशांची घासाघीस करू नकोस. पाणी किती हटलंय, मोहोळ कुठल्या झाडाला आहे, धुकं कुठल्या बाजूने येतं, हे तिथल्या माणसांना ठाऊक असतं आणि मनापासून विचारलंस तर ती सांगतात.

या वर्षी तंबू विकत घेऊ नकोस, तिकडे भाड्याने मिळतो. तो पैसा चांगल्या ट्रायपॉडवर आणि उबदार स्लीपिंग बॅगेवर घाल. आणि जोडप्याला नेण्याआधी, त्याच महिन्यात, मैत्रिणीला बरोबर घेऊन एक रात्र तिथे राहून ये.