काउंटर सोडण्याआधी

पोरी, सासर सुरतचं मिळालं याचा आम्हाला आनंदच आहे. उधना-लिंबायतकडे आपली खानदेशी माणसं एवढी आहेत, की तिथल्या मेडिकलवर भाषेवाचून तुझं काही अडणार नाही. पण ‘बी.फार्म. झालंय, म्हणजे कुठेही बसता येईल’ असं तू परवा म्हणालीस, तेव्हाच तुला नीट समजावून सांगायचं मी ठरवलं. पदवीने तुला ज्ञान दिलं. काउंटरवर उभं राहून चिठ्ठीवरचं औषध द्यायचा हक्क मिळतो तो नोंदणीने, आणि ही नोंदणी राज्याची असते.

आपल्या नाशिकच्या द्वारका सर्कलला मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता एकत्र येतात. तिथल्या दुकानात इंदूरची, सुरतची, पुण्याची चिठ्ठी घेऊन माणसं येतात आणि आपण ती चालवतो, कारण डॉक्टरांची चिठ्ठी देशभर चालते. आपलं तसं नाही. १९४८ च्या फार्मसी ॲक्टमध्ये ‘रजिस्टर्ड फार्मासिस्ट’ची व्याख्याच अशी आहे, की माणूस ज्या राज्यात राहतो किंवा व्यवसाय करतो, त्या राज्याच्या रजिस्टरवर त्याचं नाव हवं. म्हणजे इथल्या सर्टिफिकेटची फ्रेम सुरतच्या भिंतीवर लावून भागणार नाही. नोंदणी नसताना चिठ्ठीवर औषध देणं कलम ४२ खाली गुन्हा आहे.

घाबरू मात्र नकोस. त्याच कायद्याचं कलम ३२ तुझ्या बाजूचं आहे. एका राज्यात नोंदलेला फार्मासिस्ट दुसऱ्या राज्यात राहायला किंवा काम करायला गेला, की फी भरून तिथे नाव नोंदवून घेण्याचा त्याला हक्क आहे. पुन्हा परीक्षा नाही, पुन्हा कॉलेज नाही. फक्त कागद सरळ हवेत. मुलुंडच्या आपल्या फार्मसी कौन्सिलमधलं तुझं नूतनीकरण थकलं असेल तर आधी ते उरकून घे. पाच वर्षांत दोन रिफ्रेशर कोर्स लागतात, ते झालेत का बघ. मग इथलं ना हरकत घेऊन गुजरातच्या कौन्सिलकडे अर्ज कर. हे इथे असतानाच करायचं. तिकडून हेलपाटे घालणं फार जड जातं.

वापी-अंकलेश्वरच्या कारखान्यात प्रॉडक्शनला किंवा क्यूसीला लागलीस तर त्या कामाला ही काउंटरची नोंदणी लागत नाही. तरी ती करून ठेव. नोकरी सुटली तर दुकानाचा आधार राहतो.

आता नावाचं. मुलींचं घोडं इथेच अडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम वेगळा, पासपोर्टवर आडनावाचा रकानाच निराळा, आणि लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलली, तर चार कागदांवर चार मुली दिसतात. दहावीपासूनचे सगळे कागद एका ओळीत मांड आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघ. नाव बदलायचंच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घे, विवाह नोंदणीचा दाखला जोड आणि कौन्सिलच्या रजिस्टरवरही बदल करून घे. माझं स्पष्ट मत विचारशील तर व्यवसायात माहेरचंच नाव ठेव. तुझ्या आईला हे पटणार नाही, पण काउंटरवरच्या बिल्ल्यावर नाव आणि नोंदणी क्रमांक असतो, तो कुठल्याही घराण्याचा नसतो, तुझा असतो.

तुझ्या धाकट्या भावाला परदेश खुणावतोय, त्यालाही हे वाचून दाखव. अमेरिकेत २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टला किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं, म्हणून ते तिथल्या पहिल्या दारातच अडतं. आपल्याकडे २००८ च्या नियमांनी आलेलं सहा वर्षांचं फार्म.डी. चालतं. हा निर्णय बारावीनंतर प्रवेश घेतानाच घेतलेला बरा, पुढे सुधारणं महाग पडतं. त्यानंतरही एफपीजीईई, नॅप्लेक्स या परीक्षा, आणि शेवटी ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याचं लायसन्स आहेच. इंग्लंडला ओस्पॅप नावाचा वर्षाचा अभ्यासक्रम, मग ५२ आठवड्यांचं प्रशिक्षण, मग परीक्षा; आणि उत्तर आयर्लंडचं रजिस्टर इंग्लंड-स्कॉटलंडपेक्षा वेगळंच आहे. आखातातही दुबईचं लायसन्स देणारे वेगळे, अबूधाबीचे वेगळे. ‘तिकडे सगळं मॅनेज होतं’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देण्याआधी त्या देशाच्या नियामकाची वेबसाइट स्वतः वाचायची.

कॉलेजचंही सांगून ठेवते. आपल्या म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे म्हणून फार्मसीही तिथलीच, असं पुष्कळांना वाटतं. नाशिकच्या बहुतेक कॉलेजांचं बी.फार्म. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं असतं, आणि नोंदणीसाठी त्यावर फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता लागते. त्या वर्षी त्या कॉलेजला मान्यता होती का, हे प्रवेशाच्या दिवशीच बघायचं. डी.फार्म.वाल्यांनी २०२२ च्या नियमांनी आलेल्या एक्झिट परीक्षेचंही बघावं.

आणि शेवटचं, यात अजिबात हयगय नको. आत्ता ज्या दुकानाच्या लायसन्सवर तुझं नाव आहे, तिथे लेखी राजीनामा दे, त्याची पोच घे आणि अन्न व औषध प्रशासनालाही कळव. गोड बोलून कोणी म्हणेल, ‘ताई, सर्टिफिकेट राहू द्या भिंतीवर, महिन्याला पैसे पाठवतो.’ अजिबात ऐकू नकोस. तू सुरतेला असशील आणि इथे तुझ्या नावावर कोणीतरी झोपेच्या गोळ्या विकत असेल. अशा औषधांच्या एच-वन रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं लिहावं लागतं आणि ते तीन वर्षं जपायचं असतं. त्या पानांना जबाबदार फार्मासिस्ट म्हणून तुझंच नाव असेल. माल दिला कोणी, हे तुला ठाऊकही नसेल, पण इन्स्पेक्टर तपासणीला आला की नोटीस तुझ्या नावाने निघेल. राजीनाम्याची पोच फाइलीत सगळ्यात वर लाव.